ज्वारीसाठी आलेले पाणी

रेल्वेने श्रीरामपूरला जायचे तर तिकीट बेलापूरचे काढावे लागते. दौंड–मनमाड मार्गावरच्या या शहराच्या स्टेशनवर आजही बेलापूर हीच पाटी आहे. खुद्द बेलापूर तिथून काही किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी. रूळ गावाला टाळून गेले, स्टेशनाभोवतीच्या वस्तीला लोक ‘बेलापूर रोड’ म्हणू लागले आणि त्या वस्तीचे पुढे श्रीरामपूर झाले. बेलापूरच्या नावाने जे जे मोठे झाले ते असे गावाबाहेरच झाले. ‘बेलापूर कंपनी’चा साखर कारखानाही उभा राहिला तो हरेगावात.

हा लोहमार्ग दुष्काळाच्या कामातून झाला. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनच्या जिल्ह्यांत पाऊस रुसला, शेते उघडी पडली आणि सरकारने खडी फोडणे, तळी खोदणे, रुळांसाठी भराव टाकणे अशी कामे काढली. दौंड–मनमाड मार्ग त्यांतलाच. १८७८ मध्ये तो सुरू झाला. या कामांवरच्या माणसाला रोज किती खायला द्यायचे, याचा हिशेब तेव्हा दुष्काळासाठी खास नेमलेले सरकारी प्रतिनिधी सर रिचर्ड टेम्पल यांनी मांडला आणि तो एक पौंड धान्यावर आणून ठेवला. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. ज्वारीच्या रूपात धरले तर सुमारे साडेपंधराशे किलोकॅलरी. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला हे पुरणार नाही, हे मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच बजावले होते. मुंबई इलाख्यात तर मजुरांनी कामेच सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

त्या एक पौंड धान्यातली बहुतेक ऊर्जा स्टार्चची होती. शाळेच्या पुस्तकातले ‘पिष्टमय पदार्थ’ ते हेच. आहारशास्त्राची परिभाषा तेव्हा रुळायची होती, पण माणूस जिवंत राहायला रोज किती पिष्ट लागते, यावर दख्खनच्या उघड्या माळावर सरकार आणि प्रजा यांच्यात रोकडा झगडा झाला. प्रवरेच्या खोऱ्यात पुढे जे कालवे आले, कारखाने आले, सहकार आला, त्याची सुरुवात या हिशेबापासून धरायला हरकत नाही.

त्या काळच्या बेलापूर पट्ट्याचे पोट शाळूवर चाले. खोल काळ्या जमिनीत पावसाळ्याची ओल साठते. भाद्रपद-आश्विनात पेरलेली रब्बी ज्वारी त्या ओलीवरच वाढते आणि थंडीच्या दवावर दाणा भरते. कणसातला दाणा माणसाला, कडबा जनावराला. सुगीचे जास्तीचे धान्य पेवात जाई. पेव म्हणजे जमिनीत खोल घेतलेला, आतून गवत-कडब्याचे अस्तर लावलेला आणि तोंड मातीने लिंपून टाकलेला खड्डा. आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू दाण्याच्या आणि किडीच्या श्वसनातच संपे, म्हणून धान्य कित्येक महिने, कधी वर्षे टिके. त्याच कारणाने पेव उघडल्यावर लगेच आत उतरणे जिवावर बेते. जाणती माणसे ते काही काळ उघडे ठेवून, दिवा सोडून पाहत आणि मगच पाय टाकत.

झाडाचीही साठवण असतेच. पान उन्हात साखर बनवते. ती तिथल्या तिथे खर्चून उरली तर कुठेतरी ठेवावी लागते. साखर पाण्यात विरघळते आणि पेशीत पाणी ओढून घेते, म्हणून बहुतेक झाडे तिची लांबलचक साखळी करतात. हा स्टार्च. तो थंड पाण्यात विरघळत नाही, जागा कमी घेतो, बी रुजेपर्यंत निमूट पडून राहतो. ज्वारीने हा मार्ग धरला. उसाने दुसरा: साखर साखरच ठेवायची, पण खोडाच्या कांड्यांत, पेशींच्या मोठ्या रसकोशांत भरून. गंमत म्हणजे ही दोन्ही गवते अगदी जवळच्या नात्यातली आहेत. इतकी, की १९३०च्या दशकात कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात टी. एस. वेंकटरमण यांनी ऊस आणि ज्वारी यांचा संकर घडवून दाखवला. गोड धाटाची ज्वारी आपल्याकडेही आहे; फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर कितीतरी वर्षे काम केले. शेतातून जाताना ज्वारीचे धाट मोडून चघळणाऱ्या पोरांना या नात्याचा पत्ता शास्त्रज्ञांच्या आधीच लागलेला असतो.

बेलापूरचा इतिहास म्हणजे या दोन भावंडांत जमीन कुणाला आणि पाणी कुणाला मिळाले, त्याचा इतिहास.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ पहिल्यापेक्षा सौम्य नव्हते. त्यानंतर नेमलेल्या सिंचन आयोगाने दख्खनसाठी एक उपाय सुचवला: सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस भरपूर, तो तिथेच अडवा आणि कोरड्या पट्ट्यात उतरवा. त्यातून गोदावरीच्या कालव्यांसाठी दारणा आणि प्रवरेच्या कालव्यांसाठी भंडारदरा अशी धरणे आली. भंडारदऱ्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. सुमारे २७० फूट उंचीची ही दगडी भिंत त्या काळी देशातल्या सर्वांत उंच भिंतींत गणली जाई; मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव तिला दिले गेले. तिचे पाणी प्रवरेतून वाहत ओझरच्या बंधाऱ्याशी येते आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळते.

सरकारी कागदांत अशा कालव्यांना ‘संरक्षक’ म्हणत. दुष्काळात ज्वारी-बाजरी जगवायची, एवढाच त्यांचा मूळ हेतू. पण बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारीला कालव्याचे पाणी लागतच नाही. काळ्या जमिनीतली ओल पुरते. वर पट्टी भरून पाणी कोण घेणार? दुष्काळी वर्षी मात्र सगळ्यांनाच एकदम हवे. म्हणजे चांगल्या साली कालवा रिकामा आणि वाईट साली अपुरा. धरणाचा खर्च वसूल व्हायचा तर बारा महिने पाणी पिणारे आणि पाण्याचे पैसे देऊ शकणारे पीक हवे होते. असे पीक एकच होते. अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनच्या कालव्यांवर ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली: पाण्याचा पट्टा ठरवून द्यायचा, त्यात ऊस थोडा आणि इतर पिके जास्त, आणि फेरपालट करायचा. हिशेब उत्तम होता. शेतकऱ्याने मात्र त्यातला उसाचा भाग मनावर घेतला आणि बाकीचा कागदावर ठेवला.

ऊस काही कारखान्यांबरोबर आला नाही. विहिरीवर मोट असलेला शेतकरी थोडा ‘पुंड्या’ लावीच. जाड, रसाळ, खायला मऊ असा हा जुना देशी वाण. चरकावर रस काढून काहिलीत आटवायचा, गुळव्याच्या अंदाजाने पाक उतरवायचा आणि ढेपा बांधायच्या. कालवे आल्यावर सासवडकडचे माळी बागाईतदार नीरा, गोदावरी, प्रवरा असे कालव्यांच्या मागोमाग सरकत आले. जमीन खंडाने घ्यायची, तिच्यात मनसोक्त खत घालायचे, ऊस काढायचा, ही त्यांची हातोटी. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले आणि ही सगळी मंडळी अडचणीत आली. १९३२ मध्ये सरकारने देशी साखरधंद्याला आयात-कराचे संरक्षण दिले, तेव्हा गुळाकडून साखरेकडे जाण्याची वाट रुंद झाली. माळ्यांनी सोलापूर जिल्ह्यात माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. श्रीरामपूरशेजारी दहाणूकरांनी १९३३ मध्ये महाराष्ट्र शुगर मिल्स स्थापली आणि तिच्याभोवती टिळकनगर वसले.

हरेगावची बेलापूर कंपनी त्याही आधीची, १९१९ मधली. ब्रॅडी कंपनीच्या व्यवस्थापनाखाली तिने शेतकऱ्यांकडून हजारो एकर जमीन दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतली आणि स्वतःचा ऊस स्वतः पिकवला. मालक जमिनीचा, पण वर्षाकाठी हाती येणार तो ठरलेला खंड. त्याच शेतात कंपनी लाखांचे पीक काढते आहे हे बांधावरून बघायचे. ‘खंडकरी’ ही ओळख पुढे दोन-तीन पिढ्यांना चिकटली. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांकडची ही जमीन सरकारकडे गेली, १९६३ मध्ये तिच्यासाठी शेती महामंडळ निघाले, आणि मूळ मालक मोर्चे काढत राहिले. जमिनी परत मिळायला एकविसावे शतक उजाडावे लागले.

कंपनीने स्वतःची शेती का केली, याचे एक उत्तर रसायनशास्त्रात आहे. ज्वारी कापून खळ्यावर टाका, महिनाभराने मळा, पेवात ठेवा. स्टार्च जागचा हलत नाही. उसाची साखर तशी थांबत नाही. तोडल्या क्षणापासून खोडातली विकरे आणि जंतू तिचे तुकडे करू लागतात. शक्यतो दिवसभरात ऊस गाळपाला गेला पाहिजे, नाहीतर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. म्हणून लागण, तोड, वाहतूक आणि गाळप एका हाती हवे. जुलै-ऑगस्टची आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीचा सुरू आणि मग खोडवा ही साखळीच मुळी गाळपाचा हंगाम भरलेला ठेवण्यासाठी. थंडीत वाढ मंदावते, साखर खर्च होत नाही, कांड्यांत साचते. धुराडी पेटतात ती त्या सुमारास. पुंड्याच्या जागी आधी जावाहून आलेला पीओजे २८७८ आणि मग कोइमतूरचा को ४१९ आला, तोही या साखरेच्या टक्क्यासाठीच.

खासगी कारखान्यांशिवाय दुसरी वाट शोधायला सुरुवात झाली तीही बेलापूरच्या नावाखालीच. १९४५ च्या डिसेंबरात बेलापूर रोडला दख्खनच्या कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. गाडगीळ या भागाला नवखे नव्हते. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायद्यांची त्यांनी केलेली पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. शेजारच्या लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करत होते. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५०-५१ मध्ये गाळपाला उभा राहिला, गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पुढची कथा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. ती इथे उगाळत नाही. एवढेच नोंदवावे की जास्त पाण्याने कालव्याकाठच्या कित्येक काळ्या जमिनी पाणथळ आणि चोपण झाल्या, आणि त्यांत ना ऊस नीट येईना ना ज्वारी.

आता ताटाकडे यावे. कारण शेतात झालेला हा बदल हळूहळू पोटातही झाला.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. भाकरी थापली जाते ती गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगून एकमेकांना धरतात म्हणून. बायका उकळीचे पाणी घालून पीठ मळतात आणि जुन्या पिठाची विरी गेली म्हणून करवादतात, ते यामुळे. तव्यावर भाजताना हा स्टार्च आणखी फुगतो आणि पचायला सोपा होतो. निवली की त्यातला काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो. असा बांधलेला स्टार्च लहान आतड्यातल्या विकरांना दाद देत नाही. १९८०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये हान्स इंग्लिस्ट यांनी त्याला वेगळे नाव देऊन मोजायला सुरुवात केली; मराठीत त्याला प्रतिरोधी स्टार्च म्हणतात. तो मोठ्या आतड्यात जातो, तिथले जंतू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्ले बनतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यांवर जगतात. सकाळी दह्याबरोबर शिळी भाकरी खाऊन रानात जाणाऱ्या माणसाच्या न्याहारीत हा भाग ताज्या भाकरीपेक्षा काहीसा जास्त असतो. काहीसाच, शिळ्या भाकरीने मधुमेह बरा होतो असे सांगणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे.

भाकरीबरोबर मुठीने फोडलेला कांदा असतो. कांद्यात स्टार्च जवळपास नसतोच. त्याची साठवण तिसऱ्याच प्रकारची: फ्रुक्टोजच्या साखळ्या, फ्रुक्टान. लसणात तर त्या ठासून भरलेल्या. माणसाकडे त्या तोडणारे विकर नाही, म्हणून त्याही थेट मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या वाट्याला येतात. काही जणांना कांद्याने पोट फुगते ते याच आंबण्यामुळे, आणि पोषणतज्ज्ञ त्याच गोष्टीला गुणकारी म्हणतात. श्रीरामपूर ज्यात आहे तो नगर जिल्हा कांद्याचा. घोडेगाव, वांबोरीच्या बाजारांत त्याचे ढीग लागतात. टिकणाऱ्या कांद्यात या साखळ्या साधारणतः जास्त असतात, म्हणजे चाळीत सहा महिने राहणारा कांदा आतड्यालाही जरा अधिक खाऊ घालतो.

भाकरी, कांदा आणि वर गुळाचा खडा. तीन झाडे, तीन साठे. तिसरा साठा मात्र शरीरात अगदी वेगळ्या चालीने जातो. उसाची साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. लहान आतड्यात ती पटकन सुटते. फ्रुक्टोजचा बराचसा निपटारा यकृताला करावा लागतो. ऊस दातांनी सोलून खाल्ला तर चोथा आणि जबड्याचे श्रमच माणसाला थांबवतात. कारखान्याने तो अडसर काढून टाकला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये अशी सुटी साखर एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, जमल्यास पाच टक्क्यांपर्यंत ठेवायला सांगितले. गुळाने यातून सुटका होत नाही: त्यात थोडे खनिज असते, पण मुख्य भाग साखरेचाच. ‘डॉक्टर, मी साखर सोडली, गुळाचा चहा घेतो’ हे वाक्य नगरच्या दवाखान्यांत जितक्या अभिमानाने ऐकू येते तितका अभिमान त्याला पेलत नाही.

ज्वारीचे गोडवेही जपून गावेत. तिच्या दाण्यातली काफिरिन ही प्रथिने शिजल्यावर एकमेकांत गुंततात आणि स्टार्चच्या कणांभोवती जाळे धरतात, त्यामुळे पचन मंदावते. हैदराबादच्या संस्थांनी ज्वारीचे पदार्थ तपासले तेव्हा रक्तातली साखर वाढण्याचा वेग गहू-तांदळाच्या तशाच पदार्थांपेक्षा कमी आढळला. आज हा गुण आहे. एक पौंड धान्यावर जगणाऱ्या दुष्काळी मजुराला किंवा अशक्त पोराला तोच अवगुण होता. मुठीतले धान्यही अंगी पुरते लागत नसे. निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरिबांत पेलाग्रा हा त्वचेचा आणि मनाचा विकार दिसे. त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाशी असावा, असे हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले. डाळ, भाजी, ताक यांची जोड असली की ज्वारी खरी फळते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. इथली बाळे वजनाला कमी, पण त्या मानाने चरबी जास्त, असे त्यांना आढळले. उपाशी पिढ्यांतून आलेल्या अंगाला सुबत्तेची साखर लवकर बाधते, अशी या संशोधनामागची एक मांडणी आहे. प्रवरेकाठच्या घरांच्या इतिहासावर ती चपखल बसते: पणजा खडी फोडणारा, आजा उसाचा सभासद, नातू मधुमेहाच्या गोळ्या घेणारा.

या सगळ्यात ज्वारी-बाजरी टिकली ती ऊस तोडणाऱ्यांकडे. पाथर्डी याच जिल्ह्यातला तालुका, पण बहुतांशी कालव्यावाचूनचा. दिवाळी सरली की तिथली आणि बीडची कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन कोयत्यासह कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात, कोप्या बांधतात. संसाराबरोबर धान्याची पोतीही येतात. दिवसभर साखरेचे खोड तोडायचे, वाढ्याच्या पेंढ्या बैलांना आणि विकायला ठेवायच्या, आणि चुलीवर गावाकडच्या धान्याची भाकरी टाकायची.

१९७२ च्या दुष्काळात कालव्याखालची आणि कालव्याबाहेरची गावे यांतला फरक उघडा पडला. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली, रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी मिळाली. शाळूच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीची सवय असलेल्या लोकांनी नाके मुरडत ती खाल्ली. त्याआधी चारच वर्षे, १९६८ मध्ये, राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ सुरू झाले होते. सोलापूरकडच्या मोहोळला निवडलेल्या जुन्या मालदांडी ३५-१ या वाणाच्या पुढे फुले यशोदा, फुले वसुधा, फुले रेवती असे रब्बी ज्वारीचे वाण तिथून आले. उसाच्या जिल्ह्याच्या ऐन मध्यावर ज्वारीची ही प्रयोगशाळा चालते, हे कुणाच्या फारसे ध्यानात येत नाही.

आणि एक वाण निव्वळ हुरड्यासाठी काढला: फुले मधुर. हुरड्याची गोडी साठवणीच्या अर्धवट अवस्थेतली आहे. पानांतून दाण्यात येते ती साखरच. दाण्यात तिचा स्टार्च होतो. दाणा भरत असताना मध्येच काही दिवस असे येतात की साखर पुरेशी आहे, स्टार्च अजून मऊ आहे आणि कणीस आगटीत भाजून हातावर चोळले की हिरवा दाणा टपटप सुटतो. चार दिवस आधी तो दुधाळ, आठवड्याने निबर. जुनी गुळभेंडी याच गुणासाठी बांधाकडेला दोन-चार तासांत लावत, घरापुरती, लेकी-जावयांपुरती. आता पुण्या-मुंबईचे लोक पौष-माघात गाड्या भरभरून येतात, म्हणून नगर जिल्ह्यातले शेतकरी हुरड्याची पेरणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकड्यातुकड्यांनी करतात. एक तुकडा निबर होईपर्यंत दुसरा हुरड्यावर येतो आणि शेंगदाण्याची चटणी, दही, रेवड्या आणि गूळ यांसह माणशी दर लावला जातो.